दोन ते तीन, लेडीज बॅच

कंपूवरून निघालो तेव्हा पावणेपाच.
वसुवन्सं पुढे बसल्या, ड्रायव्हरशेजारी, गुडघा लांब करून;
मी मागे, मांडीवर पोळीभाजीचा डबा
आणि पंजाबी ड्रेसच्या आत
पोहायचा पोशाख, निळा, गुडघ्यापर्यंतचा,
तोमर मॅडमनी दिल्लीहून मागवून दिलेला.
वन्संनीही आतून तोच घातला होता.
एकमेकींना सांगितलं नव्हतं.
अटेरच्या अलीकडे चहाला उतरलो,
त्यांच्या गळ्यापाशी निळी पट्टी दिसली,
आणि दोघी इतक्या हसलो की चहावाला
बाकडं पुसायचा थांबला.

ठरलं होतं वेगळंच.
फ्रिजवर तीन वर्षं चिकटवलेला कागद:
काचेसारखं पाणी, एक बोट, आणि डॉल्फिनच्या
पाठीवर हात ठेवून तरंगणारी बाई.
बेटाचं नाव दोघींनाही धड उच्चारता यायचं नाही.
त्यासाठीच शिकलो पोहायला,
मी अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्या एकसष्टाव्या.
पैसे आधी माझ्या पित्ताशयाने खाल्ले,
मग त्यांच्या गुडघ्याने.
कागदावरची बाई पिवळी पडत गेली.

चंबळेत उतरता येत नाही,
हे ग्वाल्हेरात शेंबड्या पोरालाही ठाऊक.
तरी घातले पोशाख.
लग्नाचं बोलावणं नसतानाही
माणूस कपाट उघडून शालू खांद्यावर टाकतो,
तसं काहीसं.

रामसनेही नावाडी. त्याने पट्ट्या पाहिल्या,
काही बोलला नाही. पलीकडे वाळूवर
जबडा उघडा टाकून पडलेला घडियाल दाखवला,
उपटून फेकलेल्या बाभळीसारखा.
मग एवढंच, "हाथ अंदर, बाईजी."

मधोमध आल्यावर इंजिन बंद.
बिहडाच्या पिवळ्या भिंती,
पाण्याला चोचीने शिवण घालत गेलेला एक पाणचिरा,
आणि बराच वेळ काही नाही.
डबा उघडावा का, असं मी विचारणार होते.

सूं—स.

"सूंस," रामसनेही म्हणाला.
नाव सांगितलं की नक्कल केली, कळलं नाही.
उडी नव्हती. ओल्या पाटीसारखी पाठ,
चिमट्यासारखी लांब चोच,
आणि पाणी मिटलं, कुणी आलंच नव्हतं असं.
"आँधरी है. कान से देखत है."

वन्संनी माझा दंड धरला.
आवाज ओळखीचा होता, मलाही.
तलावात, तिसऱ्या लेनच्या शेवटी,
मॅडम ओरडायच्या: आधी सोडा, मग घ्या,
एक, दोन, तीन, तोंड वळवा!
आणि वन्सं वर यायच्या
नाकातोंडातून पाणी उडवत, अगदी अशाच;
मग इकडेतिकडे बघायच्या,
कुणी ऐकलं तर नाही ना.

पुन्हा आली. डावीकडे, जवळ.
आम्ही दोघी मोजत होतो, ओठांतल्या ओठांत,
तिच्या श्वासाला आमचा श्वास जुळतो का बघत.
एकदा जुळला. एकदाच.
तेव्हा वन्संनी हात पाण्यात सोडला,
मनगटापर्यंत, काचेची बांगडी भिजेपर्यंत.
रामसनेहीने पाहिलं. काही न बोलता वल्हं उचललं
आणि घडियालाकडे तोंड करून उभा राहिला.
मी पण सोडला.
वरचं पाणी कोमट, खालचं गार.
बाकी सांगण्यासारखं काही नाही.

रात्री न भिजलेले पोशाख तरीही धुतले.
बादलीच्या तळाशी वाळू बसली, चमचाभर.
"मग, पोहलात का?" ह्यांनी विचारलं.
वन्सं म्हणाल्या, "मनगटभर."

सोमवारी, दोन ते तीनच्या बॅचला,
त्या डोळे घट्ट मिटून पोहल्या,
कानांनी बघत, असं त्यांचं म्हणणं.
भिंत काही ऐकू आली नाही.
कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं.
बर्फ लावू देत नाहीत,
अख्ख्या दौलतगंजात दाखवत फिरताहेत.